डावावरचा स्टेक, ताटातला स्टेक

लास व्हेगासच्या एका मोठ्या कॅसिनोत संध्याकाळी साडेसातचं टेबल राखून ठेवलं होतं. आम्ही सातला दारात उतरलो आणि टेबलाशी पोचलो तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. मधला वेळ स्लॉट मशीनच्या रांगांमधून फिरण्यात गेला. पाट्या होत्या, पण एक पाटी आपल्याला वळणावर आणून सोडायची आणि पुढची दिसायची ती थेट ब्लॅकजॅकच्या टेबलांपलीकडे. घड्याळ कुठे नाही, खिडकी नाही, सरळ रस्ता तर नाहीच. मी भाचीला म्हटलं, "आपण हरवलो गं." तिचं बरीच वर्षं तिथंच वास्तव्य. ती म्हणाली, "मामा, हरवलो कसले, आपल्याला हरवलंय. इथलं बांधकामच तसं असतं."

ती थट्टेत बोलली तरी गोष्ट खरी आहे. बिल फ्रीडमन या गृहस्थांनी कॅसिनोच्या अंतर्रचनेवर २००० साली एक जाडजूड ग्रंथच लिहिला. छत खाली असावं, वाटा नागमोडी असाव्यात, आणि माणूस जेवायला निघाला काय नि झोपायला निघाला काय, त्याची वाट खेळाच्या टेबलांमधूनच जावी, असं त्यांच्या सांगण्याचं सार. म्हणून भारीतलं स्टेकहाउस रस्त्याला तोंड करून क्वचितच सापडतं. देवळात गाभारा असतो तसं ते आत, अगदी आत असतं.

तिथला पदार्थ म्हणजे गोमांस. आपल्यापैकी अनेकांना ते वर्ज्य आहे, आमच्या सौभाग्यवतींना तर कुठलंच मांस चालत नाही. तरी त्या आमच्याबरोबर होत्या आणि माझ्यापेक्षा त्यांनाच त्या जागेचं जास्त कळलं, ते पुढे येईलच. तेव्हा मांसाच्या नुसत्या नावाने लेख बाजूला ठेवू नये. या हॉटेलांची खरी गंमत ताटाइतकीच ताटामागच्या हिशोबात आहे.

इंग्रजीत डावावर लावलेल्या रकमेचा 'स्टेक' आणि भाजलेल्या मांसाचा 'स्टेक' यांची स्पेलिंगं वेगळी असतात. आपल्या देवनागरीत दोन्ही एकाच अक्षरांत मावतात. व्हेगासपुरतं बोलायचं तर देवनागरीचं बरोबर आहे.

नेव्हाडा राज्याने जुगाराला कायदेशीर परवानगी दिली ती १९३१ साली, मंदीच्या ऐन भरात. त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम सुरू झालं आणि हातात पगार असलेले हजारो मजूर वाळवंटात आले. गावात फ्रीमाँट स्ट्रीटवर छोटे अड्डे निघाले. आज ज्याला 'स्ट्रिप' म्हणतात त्या हमरस्त्यावरचं पहिलं मोठं हॉटेल, एल रांचो व्हेगास, १९४१ मध्ये उघडलं. तिथे रात्री उशिरा एका डॉलरमध्ये हवं तेवढं खा, अशी पंगत सुरू झाली. आज जगभर 'व्हेगास बुफे' म्हणून ओळखतात त्याचा उगम हा. कारण साधं होतं. मध्यरात्री भूक लागली की माणूस उठतो, उठला की खोलीत जातो आणि झोपतो. झोपलेल्या माणसाकडून कॅसिनोला काही मिळत नाही.

या युक्तीचं शास्त्र केलं ते बेनी बिनियनने. हा टेक्सासातल्या डॅलसचा जुगारअड्डेवाला. तिथलं वारं फिरल्यावर तो व्हेगासला आला आणि १९५१ साली फ्रीमाँट स्ट्रीटवर त्याने 'हॉर्सशू' उघडला. हॉर्सशू म्हणजे घोड्याचा नाल. आता मराठीतला योगायोग पाहा. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून स्वतःचा वाटा काढून घेतो, त्यालाही 'नाल' म्हणतात. 'नाल काढणे' हा शब्दप्रयोग जुगारावरच्या छाप्यांच्या बातम्यांमध्ये अजून वाचायला मिळतो. बिनियनला मराठी येण्याचं कारण नव्हतं, पण याहून चपखल नाव त्याला सापडलं नसतं.

बिनियनचं मोंटानात कुरण होतं आणि तिथल्या गुरांचं मांस हॉटेलात येई. हॉर्सशूमधला रात्री उशिराचा दोन डॉलरचा स्टेक दंतकथेसारखा गाजला. सोबत भाजलेला बटाटा आणि सॅलड. दोन डॉलरमध्ये हा घाट परवडणं शक्यच नव्हतं, आणि परवडायला नकोच होता. तो तोटा म्हणजे जाहिरातीचा खर्च. जवळच्याच गोल्डन गेट कॅसिनोने १९५९ पासून हीच युक्ती कोळंबीवर केली: काचेच्या पेल्यात थंडगार कोळंबी, वर तिखटसर लाल सॉस, किंमत पन्नास सेंट. ती किंमत त्यांनी कित्येक वर्षं हलवली नाही.

मोठ्या खेळाडूंसाठी तर किंमत हा प्रश्नच नसे. त्यांचं जेवण 'कॉम्प', म्हणजे मालकातर्फे. हा शब्द व्हेगासमध्ये नाम म्हणूनही चालतो, क्रियापद म्हणूनही. पाहुणा खूश होऊन सांगतो की काल माझं जेवण कॉम्प झालं. ते कसं झालं हे मात्र त्याने कागदावर मांडून पाहिलेलं नसतं. आपण मांडू.

अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ घरं असतात: १ ते ३६, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुमचा आकडा आला तर एकास पस्तीस मिळतात. न्यायाने सदतीस मिळायला हवेत. हा जो दोनाचा फरक आहे तो कॅसिनोचा नाल, टक्केवारीत ५.२६. आता तुम्ही दर फेरीला २५ डॉलर लावता, तासाला चाळीस फेऱ्या होतात आणि तुम्ही तीन तास बसता असं धरा. एकूण ३००० डॉलर चाकावरून फिरले. त्यातले सरासरी १५८ डॉलर कॅसिनोचे. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, एखाद्या रात्री पार धुपाल, पण वहीत मांडतात ते हे १५८. याला तिथे 'थिओ' म्हणतात, म्हणजे हिशोबाने व्हायला हवा तेवढा तोटा. तुमच्या गळ्यात किंवा मशीनमध्ये अडकवलेलं प्लेअर्स कार्ड हेच मोजत बसलेलं असतं.

या थिओचा काही भाग कॅसिनो पाहुण्याला परत देतं. प्रमाण जागेजागी बदलतं, आपण तीस टक्के धरू. आले ४७ डॉलर. म्हणजे तीन तास जागेवरून न हलता तुम्ही चांगल्या स्टेकहाउसमधल्या एका स्टेकचीसुद्धा पूर्ण किंमत कमावली नाही, आणि त्यासाठी हिशोबाने १५८ मोजले. ब्लॅकजॅक नीट खेळणाऱ्याचं तर आणखी अवघड. तिथे नाल टक्क्याच्या आसपास असतो, त्यामुळे तेवढाच वेळ तेवढ्याच रकमेने खेळलात तर कॉम्पमध्ये जेमतेम बटाटा येतो.

'फुकट' जेवणाला नेमकं काय म्हणायचं हा प्रश्न सरकारलाही पडला होता. कॉम्प जेवणावर कर लागतो की नाही यावरून स्पार्क्स गावातल्या नगेट कॅसिनोचा खटला नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ मध्ये न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. व्हेगासच्या जेवणघरांची जुनी छायाचित्रं पाहिली की लाल चामड्याची बाकं, सिगारेटचा धूर आणि फ्रँक सिनात्रा दिसतो. त्या छायाचित्रांत काय नाही तेही पाहावं. १९५० च्या दशकात सॅमी डेव्हिस ज्युनिअरसारखा कृष्णवर्णीय कलावंत ज्या कॅसिनोच्या रंगमंचावर टाळ्या घेत असे, त्याच कॅसिनोत त्याला जेवायला बसता येत नसे, राहताही येत नसे. प्रयोग संपला की गावाच्या पश्चिमेकडच्या वस्तीत मुक्कामाला जायचं. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी मोर्चा काढण्याचा इशारा दिल्यावर मार्च १९६० मध्ये कॅसिनोमालक, हे कार्यकर्ते आणि सरकारी अधिकारी यांची बैठक झाली आणि स्ट्रिपची दारं सगळ्यांना उघडली. ती बैठक मुलँ रूजमध्ये भरली होती. १९५५ साली निघालेला हा कॅसिनो कुणालाही पंक्तीतून उठवत नसे. पंगतीत कुणी बसायचं यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा रोग आपल्याला काही परका नाही.

तोटा सोसून खाऊ घालायचं हे तंत्र कधीपर्यंत टिकलं? कॅसिनोमालक स्टीव्ह विन यांनी १९८९ मध्ये 'मिराज' हे हॉटेल उघडलं, तेव्हा व्हेगासला येणाऱ्या माणसाला खेळाखेरीज इतर गोष्टींवरही पैसे खर्च करायचे असतात हे ध्यानात येऊ लागलं. १९९२ च्या डिसेंबरात वोल्फगांग पुक या कॅलिफोर्नियात नाव काढलेल्या शेफने सीझर्स कॅसिनोच्या बाजारपेठेत 'स्पागो' सुरू केलं. एवढा मोठा शेफ व्हेगासला जातो म्हणजे घसरला, असं त्या वेळी बोललं गेलं. पुढे सगळेच घसरले. १९९८ मध्ये बेलाजिओ उघडलं, त्यात जाँ-जॉर्ज व्हाँगरिख्तन यांचं 'प्राइम' हे स्टेकहाउस होतं. वर्षभरात व्हेनिशियनमध्ये एमरिल लगासींचं 'डेल्मोनिको' आलं. नंतर टॉम कोलिकिओ, गॉर्डन रॅमझी, होसे आंद्रेस. स्ट्रिपवरच्या कॅसिनोंचं खेळाबाहेरचं उत्पन्न १९९० च्या दशकाअखेरीस खेळाच्या उत्पन्नाला मागे टाकून गेलं आणि आजही पुढेच आहे.

म्हणजे चक्र पुरतं फिरलं. ज्या स्टेकचा तोटा पूर्वी टेबलं भरून काढायची, तो आता स्वतःच कमवायला लागला. गंमत अशी की पाहुण्याच्या डोक्यात जुनंच चित्र राहिलं. व्हेगासला जेवण स्वस्त मिळतं असं सांगणारे लोक अजून भेटतात. ते तिथे बरीच वर्षं गेलेले नसतात.

आता ताटाकडे वळू. या किमतीत खरंच काही विशेष मिळतं का? मिळतं, आणि त्यातलं बरंचसं मांस तव्यावर पडण्याच्या आधीच घडलेलं असतं.

अमेरिकेत गोमांसाला सरकारी कृषी खातं प्रत देतं. हे प्रतवारीचं काम १९२७ पासून चालू आहे. मुख्यतः जनावराचं वय आणि मांसातली चरबीची पांढरी जाळी पाहतात. सगळ्यात वर 'प्राइम', मग 'चॉइस', मग 'सिलेक्ट'. प्राइमचा वाटा थोडा असतो आणि त्यातला मोठा भाग हॉटेलांकडे जातो. तपासणी सक्तीची असते, प्रतवारी मात्र ऐच्छिक, मांस कंपन्या पैसे भरून करून घेतात. मेनूवर 'वाग्यू' एवढंच लिहिलं असेल तर ते अमेरिकेत वाढलेलं संकरित जनावरही असू शकतं. जपानचं कोबे ही त्याहून निराळी चीज: ह्योगो प्रांतातलं, ताजिमा वंशाचंच जनावर लागतं, आणि अमेरिकेत त्याची आयात २०१२ मध्ये सुरू झाली. त्याआधी अमेरिकन मेनूंवर जे 'कोबे' झळकत होतं त्याबद्दल न बोललेलं बरं.

आमच्या हॉटेलात आत शिरताना उजवीकडे काचेची एक खोली होती. मंद पिवळा दिवा, आत लाकडी फळ्यांवर मांसाचे मोठमोठे तुकडे मांडलेले. बाहेरून काळपट, सुरकुतलेले, जुन्या चपलेच्या टाचेसारखे. सौभाग्यवतींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अढी लावलीय की." मी आजवर ड्राय एजिंगवर जेवढं वाचलंय त्यात याहून नेमकी व्याख्या मला मिळालेली नाही.

कैरी पेंढ्यात घालून ठेवली की ती आतून स्वतःच पिकते, आपण फक्त जागा आणि ऊब देतो. मांसाचंही तसंच, फक्त उबेऐवजी थंडी. जनावर मारल्यावर स्नायू ताठरतात. पुढे स्नायूंमध्येच असलेली कॅल्पेन आणि कॅथेप्सिन ही विकरं प्रथिनांचे धागे हळूहळू तोडत जातात, मांस मऊ पडतं, चव गडद होते. हे घडत असताना ते सडू नये म्हणून खोली शून्य ते चार अंशांवर ठेवायची, दमटपणा बेताचा ठेवायचा आणि हवा खेळती. तीन-चार आठवडे तरी थांबायचं. हौशी मंडळी दीड-दोन महिने थांबतात, मग चीजसारखा उग्र वास येतो, तो सगळ्यांना झेपत नाही. पाणी उडून गेल्याने वजन घटतं आणि वरची कडक साल कापून टाकावी लागते. दोन्ही धरून एक तृतीयांशापर्यंत माल जाऊ शकतो. किंमत इथे वाढते. स्वस्त जागी हेच मांस प्लॅस्टिकच्या निर्वात पिशवीत मुरवतात. त्यात मऊपणा येतो, वजन घटत नाही, पण ती चव काही येत नाही. सर्कस सर्कस हे पोराबाळांचं, विदूषकांचं कॅसिनो, पण तिथल्या स्टेकहाउसमध्येही अशी काचेची खोली आहे आणि मेस्किट लाकडाच्या कोळशावर भाजतात.

भाजण्याबद्दल एकच सांगतो. स्टेकहाउसची भट्टी घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी पट तापलेली असते, वरून आग ओकते. त्या आचेने पृष्ठभाग झटकन कोरडा होतो आणि १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्लं मिळून ती तपकिरी, खमंग खरपुडी धरते. भाकरीच्या पापुद्र्यावर पडणारे डाग आणि कांदा परतताना सुटणारा वास, सगळं याच कुळातलं. लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, तिला त्याचंच नाव आहे. खरपुडीमुळे रस आत 'कोंडला' जातो हा समज मात्र चुकीचा. तो एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा. तो केव्हाच खोटा ठरला, तरी वेटर अजून तो प्रेमाने सांगतात.

आमच्याही वेटरने सांगितला. मी 'मीडिअम रेअर' मागवला होता, म्हणजे आतलं तापमान साधारण ५५ अंश. मध्ये कापल्यावर लालसर पाणी सुटलं. सौभाग्यवतींनी मान फिरवली. ते रक्त नसतं. मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन पाण्यात मिसळलं की तसा रंग येतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांना पटलं, मान काही परत वळली नाही. आपल्याकडची बहुतेक मंडळी 'वेल डन' मागवतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मग महागडा फिले मिन्यॉन घेऊ नये. तो पाठीच्या कण्याखालचा, कष्ट न केलेला स्नायू, लोण्यासारखा मऊ पण चरबी जवळजवळ नसलेला. जास्त भाजला की कापसासारखा लागतो. चव हवी असेल तर रिबआय घ्यावा. आणि टोमाहॉक म्हणजे लांबलचक बरगडीसकटचा रिबआयच, त्यात हाडाचंही वजन भरावं लागतं. तो फोटोसाठी.

मग बिल. आकडे थोडे गोल करून सांगतो. दोन स्टेक १५०, सीझर सॅलड १८, बटाटा १६, क्रीममधला पालक १८, वाइनचे दोन पेले ४४. झाले २४६ डॉलर. त्यावर तिथला विक्रीकर ८.३७५ टक्के, म्हणजे २०.६० डॉलर. टिप वीस टक्के, ४९.२० डॉलर. एकूण ३१५.८०. स्टेकबरोबर ताटात दुसरं काहीही येत नाही हे पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसतं. पालक वेगळा, बटाटा वेगळा, काही ठिकाणी सॉससुद्धा वेगळा. नेव्हाडात वेटरला टिपव्यतिरिक्त पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तसं नाही, आणि तिथली कलिनरी कामगार संघटना जबरदस्त आहे. तरी टिपेचा रिवाज सुटलेला नाही. जेवण कॉम्प झालं तरी टिप मूळ किमतीवर द्यायची असते, आणि ती खिशातूनच.

सौभाग्यवतींचं जेवण सॅलड, बटाटा आणि पालक यांवर झालं. सीझर सॅलडमध्ये अँचोव्ही मासळी असते, ती आधी विचारून वगळायला लावली. हे सॅलड टिहुआनाच्या सीझर कार्डिनीचं, १९२४ च्या दारूबंदीच्या काळातलं. रोमच्या सीझरचा त्याच्याशी संबंध नाही. पालक चाखून त्या म्हणाल्या, "फोडणी विसरलेत."

आपल्याकडे व्हेगासच्या कॅसिनोंचं प्रतिरूप म्हणजे पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या, त्यातून आधी पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आली आणि मग पाण्यावर टेबलं. तिथे प्रवेशाच्या रकमेतच बुफे धरलेला असतो, म्हणजे व्हेगासने सोडलेली जुनी रीत मांडवीवर अजून चालू आहे. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून खेळायला मनाई आहे. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. पुस्तकात सत्तेचाळीस वर्षं राहिलेला आणि एकही डाव न पाहिलेला कायदा.

तुम्ही कधी व्हेगासला गेलात तर माझं सांगणं एवढंच. स्टेक खायचा असेल तर भूक लागल्यावर सरळ पैसे देऊन खावा, कॉम्प मिळवायला म्हणून चाकाशी बसू नये. टेबल राखताना गाडीतळाकडून येणारं कोणतं दार जवळचं पडतं ते फोनवर विचारून घ्यावं, तसं दार बहुधा असतं. आणि बटाटा एकच मागवावा, तिघांना पुरतो.